विहिरीवरचे इंजिन, वरातीतला जनरेटर आणि फडक्याचा इतिहास

१/
बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने ग्रासला होता, तेव्हा अशा गावांत दिवेलागणीला दुकानांपुढे छोटे जनरेटर धडधडू लागत. यंत्रे नवी होती. ती स्वच्छ राखण्याची विद्या मात्र जुनी होती आणि ती विहिरीच्या काठावर शिकली गेली होती. त्या विद्येचा हा इतिहास.

२/
रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. पण ते कारखान्यात बसवायचे धूड होते. ते आटोपशीर होण्यास मोठा हातभार लावला तो रॉबर्ट बॉशच्या इंधनपंपाने. त्याचे कारखानदारी उत्पादन १९२७ मध्ये सुरू झाले. या पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण तेथे शिरला की ओरखडा उठतो, दाब सुटतो आणि इंजिन सुरूच होत नाही. नरसाळ्यावर फडके बांधून डिझेल गाळण्याची खेड्यातली रीत अडाण्यांची वाटे. वस्तुतः ती या फटीची अचूक जाण होती.

३/
भारतात डिझेल इंजिन प्रथम घडवण्याचा मान साताऱ्याच्या कूपर कारखान्याकडे जातो. काळ १९३० च्या दशकाचा. त्याचे संस्थापक धनजीशा कूपर हेच १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी पुण्यात स्थापन झाली आणि खडकीची इंजिने गावोगाव पोहोचली.

४/
शेतकऱ्याला देखभाल अपरिचित होती असे समजणे चूक ठरेल. मोटेच्या चामड्याला तेल लागे, गाडीच्या आसाला वंगण लागे. इंजिनातल्या तेलालाही मराठीने तोच शब्द दिला. नवे होते ते तासांचे गणित. आस कुरकुरला की वंगण घालायचे, हा जुना न्याय. इंजिन कुरकुरेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. ते नीट चालत असतानाच, ठरलेल्या तासांनी, काळे पडलेले तेल काढून टाकायचे. वरवर चांगले दिसणारे तेल फेकून देणे काटकसरी घराला जड जाणारच. कारखानदारांनाही हे शिकवण्याची गरज उमगली होती. १९२० मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ आज वाङ्मयीन मासिकाची पूर्वज म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीच झाला होता.

५/
विदर्भात शत्रू ठरली ती काळी माती. पावसाळ्यात चिकटणारी ही माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. म्हणून शेतीच्या अनेक इंजिनांना तेलाच्या वाटीचा हवा-फिल्टर असे: हवा आत येताना तेलावरून वळण घेते आणि धूळ तेलात अडकते. वाटीत गाळ साचला की ती रॉकेलने धुऊन पुन्हा तेल भरायचे. हे टाळले तर धूळ सिलिंडरमध्ये जाते आणि तेलाशी मिसळून पॉलिश पेपरासारखी धातू घासत राहते.

६/
मिनिटाला १५०० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाला चार ध्रुवांचा अल्टरनेटर जोडला की ५० हर्ट्झची वीज मिळते. म्हणजे पंपाच्या जागी अल्टरनेटर बसला की तेच इंजिन जनरेटर होते. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, हळूहळू विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. इंजिनांना मात्र फिरते सिनेमे, तमाशाचे फड आणि लग्नाचे मांडव येथे काम राहिलेच. नोझल साफ करणारा मिस्त्रीही तोच राहिला.

७/
खऱ्या अर्थाने हाताने उचलता येणारे जनरेटर १९८० च्या दशकात जपानी सहकार्याने आले. बिर्ला-यामाहा आणि श्रीराम-होंडा ही त्यांची परिचित नावे. वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्यांच्या हाती विजेचे दिवे आले आणि मागून गाड्यावर जनरेटर येऊ लागला.

यांतले कित्येक जनरेटर पेट्रोलवर सुरू होत आणि गरम झाल्यावर रॉकेलवर चालत. रॉकेल स्वस्त, पण त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागे. ते पूर्ण जळत नाही: प्लगवर काजळी धरते आणि न जळलेले थेंब रिंगांजवळून खाली उतरून इंजिनचे तेल पातळ करतात. म्हणून बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणण्याची शिस्त होती, नाहीतर पुढच्या वेळी दोरी ओढून हात दुखत. छोट्या पेट्रोल जनरेटरचे सर्वसाधारण वेळापत्रक असे: पहिले तेल २० तासांनी बदलायचे, नंतर दर १०० तासांनी, हवा-फिल्टर दर ५० तासांनी धुवायचा, धुळीच्या जागी त्याहूनही लवकर. वरातीच्या धुळीत हे ‘लवकर’ म्हणजे नेमके कधी, ते चालवणाऱ्यालाच ठरवावे लागे.

८/
२००२ च्या अधिसूचनेने डिझेल जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मर्यादित केला. यंत्र बंद पेटीत गेले. शेजाऱ्यांना झोप मिळाली, पण तेलाची गळती आणि सैल नट आता येता-जाता दिसेनासे झाले. पेटी उघडून पाहणे हे देखभालीतले नवे कलम ठरले.

९/
२०१२ नंतर बऱ्याच भागांत भारनियमन ओसरले आणि दुकानांपुढचे जनरेटर कोपऱ्यात गेले. तेथे त्यांना नवा रोग जडला. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले पेट्रोल हवेने बिघडते, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात डिंकासारखा थर धरते. उपाय साधा: ठेवणीत टाकताना टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल गाळून घ्यायचे. पूर्वी मिस्त्री विचारत, ‘किती तास चालले?’ आता दुरुस्तीला आलेल्या यंत्राबाबत पहिला प्रश्न असतो, ‘किती महिने उभे होते?’