अश्वशक्ती, टन आणि किलोवॅट : रूपांतर आणि त्यातील गफलती

शेतातील पंपावर एचपी, मोटारीच्या जाहिरातीत बीएचपी किंवा पीएस, वातानुकूलन यंत्रावर टन आणि वीज देयकातील मंजूर भारासाठी किलोवॅट अशी निरनिराळी एकके वापरली जातात. ही सर्व एकके एकाच राशीची, म्हणजे शक्तीची आहेत. त्यामुळे त्यांचे परस्पर रूपांतर करता येते. मात्र रूपांतर अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो.

अश्वशक्ती हे एकक जेम्स वॅट यांनी अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनाची घोड्यांशी तुलना करण्यासाठी रूढ केले. ५५० पौंड वजन एका सेकंदात एक फूट उचलण्याची क्षमता म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापात ७४५.७ वॅट. युरोपात दशमान पद्धतीनुसार ७५ किलोग्रॅम वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याचे माप स्वीकारले गेले आणि ते ७३५.५ वॅट भरते. हेच पीएस. त्यामुळे १०० बीएचपीचे इंजिन पीएसमध्ये १०१.४ इतके दिसते, तर किलोवॅटमध्ये ७४.६. जाहिरातीतील एक-दोन आकड्यांचा फरक अनेकदा इंजिनाचा नसून एककाचा असतो.

शीतकरणातील टनाचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. हे एकक बर्फाच्या व्यापाराच्या काळाची आठवण आहे. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कोलकात्यात उतरला होता आणि तो साठविण्यासाठी बांधलेली चेन्नईतील ‘आइस हाउस’ ही इमारत आजही उभी आहे. शून्य अंश सेल्सिअसचा एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तो दर म्हणजे एक टन शीतकरण. एक पौंड बर्फाला १४४ बीटीयू या हिशेबाने ताशी १२,००० बीटीयू किंवा ३.५१७ किलोवॅट होतात.

तोंडी हिशेबासाठी अश्वशक्तीला पाऊण आणि टनाला साडेतीनने गुणले की किलोवॅट जवळजवळ बरोबर मिळतात.

गणिताने एक टन ४.७२ अश्वशक्तीइतका येतो. पण याचा अर्थ एक टनाच्या यंत्राला तेवढ्या शक्तीची मोटर लागते असा नाही. वातानुकूलन यंत्र थंडावा निर्माण करीत नाही, ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. वाहून नेलेली उष्णता त्यासाठी खर्च झालेल्या विजेच्या कितीतरी पट असते. १.५ टनाचे यंत्र ५.२८ किलोवॅट उष्णता बाहेर काढते. हे प्रमाण साडेतीन पट धरल्यास वीज लागते सुमारे १.५ किलोवॅट. टनांचे थेट किलोवॅट करून मंजूर भार वाढवून घेणारा ग्राहक विनाकारण जादा स्थिर आकार भरतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर शीतकरण क्षमता वॅटमध्ये दिलेली असते. तिला ३,५१७ ने भागावे. ५,००० वॅटचे यंत्र ‘दीड टन’ म्हणून विकले जात असले, तरी हिशेबाने ते १.४२ टनच असते.

पंपाच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. मोटरवर लिहिलेली अश्वशक्ती ही दांड्यावर मिळणारी शक्ती आहे, घेतली जाणारी वीज नव्हे. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट खरे. पण मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर ती पूर्ण भारावर सुमारे ४.४ किलोवॅट ओढते. पीएम-कुसुम योजनेत स्वतंत्र सौर पंपांसाठी केंद्रीय अर्थसाहाय्य ७.५ एचपी क्षमतेपर्यंत मोजले जाते. दांड्यावर ही शक्ती ५.५९ किलोवॅट होते, तर त्याच कार्यक्षमतेने वीज सुमारे ६.६ किलोवॅट लागते. डिझेल जनित्र निवडताना हा दुसरा आकडा धरावा लागतो आणि सुरू होताना मोटर काही क्षण पूर्ण भाराच्या कित्येक पट प्रवाह घेते, त्यासाठीची वाढीव क्षमता वेगळी ठेवावी लागते.