मेदाचा गाळ आणि दुखावलेला हात

माणूस उर्मट झाला म्हणजे त्याला चरबी चढली असें आपण म्हणतों. आपल्या प्राचीन वैद्यकानें मेदाला सप्तधातूंत चौथें स्थान दिलें असलें, तरी व्यवहारांत त्याची प्रतिष्ठा बेताचीच. अशा या धातूकडून कापलेला, चिरडलेला हात बरा होण्यास साहाय्य मिळेल, अशी अपेक्षा आज कांहीं शस्त्रवैद्य बाळगीत आहेत. ही अपेक्षा कोठून उत्पन्न झाली व कितपत फळास आली, हा वृत्तांत उद्बोधक आहे.

प्रथम हाताची अडचण समजून घेतली पाहिजे. बोट मिटविणाऱ्या कंडरा नळीसारख्या अरुंद आवरणांतून सरकत असतात. सुरीनें वा यंत्रानें तुटलेली कंडरा शिवली, तर ती सांधते खरी. परंतु सांधतांना भोंवतालच्या आवरणालाहि चिकटते. मांडीची जखम भरून आली म्हणजे बहुधा काम संपलें. बोटाची जखम भरली आणि बोट वळेनासें झालें, तर सुतार, शिंपी, सतारिये यांच्या दृष्टीनें ती भरली काय आणि न भरली काय! अमेरिकेंतील हस्तशल्याचे आद्य आचार्य स्टर्लिंग बनेल यांनीं तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेऱ्यापर्यंतच्या भागाला रणांगणावरचें नांव दिलें होतें: दोन सैन्यांमधली, कोणाचीच नसलेली जमीन. तेथें तुटलेली कंडरा लगेच शिवूं नये, त्वचा मिटवावी व पुढें दुसरीकडची कंडरा आणून बसवावी, असा त्यांचा दंडक. १९६७ सालीं लुइव्हिल येथील हॅरॉल्ड क्लाइनर्ट व त्यांचे सहकारी यांनीं त्याच भागांत ताबडतोब शिवण घालून आणि रबराच्या पट्टीच्या साहाय्यानें बोट लवकरच हलतें करून मिळविलेलें यश प्रसिद्ध केलें, तेव्हां तो दंडक ढासळूं लागला. हा विजय कोणत्याहि द्रव्याचा नव्हे, कुशल शिवणीचा आणि हालचालीचा. पुढील मजकूर वाचतांना वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

मेदाची कथा निराळी. १८९३ सालीं जर्मनींतील गुस्टाव्ह नॉयबर यांनीं बाहूंतील मेदाचे लहान लहान तुकडे घेऊन चेहऱ्यावरचा एक खोलगट व्रण भरून काढल्याचें सांगितलें. १९५० सालीं लिंडन पिअर यांनीं दाखविलें कीं, रोपलेल्या मेदाचा सुमारें निम्मा भाग वर्षभरांत नाहींसा होतो. मेद म्हणजे भराव, आणि तोहि बेभरंवशाचा! १९६४ सालीं मार्टिन रॉडबेल यांनीं उंदराचा मेद विशिष्ट विकरानें सुटा केला. मेदपेशी वर तरंगल्या. त्याच त्यांना हव्या होत्या. तळाशीं बसलेला गाळ त्यांच्या कामाचा नव्हता. या गाळाचें भाग्य पुढें उजळावयाचें होतें. २००१ सालीं पॅट्रिशिया झुक व त्यांचे लॉस एंजल्स आणि पिट्सबर्ग येथील सहकारी यांनीं मनुष्याच्या अंगांतून नळीनें शोषून काढलेल्या, एरवीं फेकून दिल्या जाणाऱ्या मेदाच्या तशाच गाळांतून पेशी वाढविल्या. ज्या पोषणद्रवांत त्या ठेवाव्या, त्याप्रमाणें त्या अस्थि, कूर्चा, स्नायु वा मेद यांची लक्षणें धारण करीत. मूलपेशी त्या ह्याच.

कांचपात्रांत हाड झालेली पेशी बोटांत कंडराहि होईल, असें मानणें सोपें होतें. परंतु मज्जेंतील अशाच पेशींना १९९१ सालीं ‘मूलपेशी’ हें नांव देणारे अर्नोल्ड कॅप्लन यांनींच २०१७ सालीं तें नांव बदला, असें आग्रहानें लिहिलें. शरीरांत सोडल्यावर या पेशी नवें अंग घडवीत नाहींत, भोंवतालच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, असें त्यांचें म्हणणें. कंडरा तुटलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्षहि एकमुखी नाहींत.

मनुष्याच्या हाताविषयींचा सर्वांत बोलका पुरावा जखमेचा नसून सिस्टेमिक स्क्लेरोसिस या विकाराचा आहे. यांत त्वचा ताठरते, बोटांचा रक्तप्रवाह मंदावतो, व्रण पडतात. मार्सेय येथील वैद्यांनीं बारा स्त्रियांच्या बोटांत त्यांच्याच मेदाचा गाळ टोंचला. वेदना घटल्या, हात अधिक चालूं लागले. पण तेथें तुलनेस कोणी नव्हतें. पुढें फ्रान्समध्येंच चाळीस रोग्यांची चाचणी झाली. निम्म्यांना गाळ, निम्म्यांना औषधहीन द्राव. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, दोन्ही गटांचे हात सुधारले आणि गाळाचें श्रेष्ठत्व सिद्ध झालें नाहीं. पहिल्या बारा जणींचा आराम खोटा होता असें यावरून ठरत नाहीं. तो कशामुळें पडला, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांत त्या दुसऱ्या चाचणीइतकें प्रामाणिक पान दुसरें नाहीं, जरी जाहिरातींत तें कधीं छापलें जाणार नाहीं.

जखमी हाताचा धनी बहुधा हातावर पोट असलेलाच असतो, आणि बोट वळावें म्हणून तो कर्जहि काढील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं रक्ताशीं संबंधित ठराविक विकार वगळतां इतरत्र मूलपेशींचा उपयोग केवळ संमत चाचणींतच करावा असें बजाविलें आहे. तोंपर्यंत त्याच्या वांट्याला यावयाची ती नीट घातलेली शिवण, आधाराची पट्टी, आणि दिवसांतून अनेक वेळां बोट हलवून घेणारा चिकट माणूस.