अनुशेषाचें गणित आणि मराठवाड्यांतील तरुण

कोणत्या गोष्टी मोजावयाच्या व कोणत्या सोडावयाच्या हें ज्यानें ठरविलें, त्यानें राज्यकारभाराचा निम्मा निर्णय आधींच केला असें समजण्यास हरकत नाहीं. मराठवाड्यांतील तरुणांस हा अनुभव फार महाग पडला.

१९५६ सालीं हैदराबाद राज्यांतील मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत आले. तत्पूर्वीं १९५३ च्या नागपूर करारानें मागास विभागांकडे लक्ष पुरविण्याचें अभिवचन दिलें होतें. अठरा वर्षें लोटलीं. नांदेडची आगगाडी मीटर गेजवरच राहिली. लातूर शहराची तर त्याहूनहि अरुंद अशा बार्शी लाईटवर चाले. शिकलेले तरुण वाढले, नोकऱ्या मात्र त्या मानानें वाढल्या नाहींत. १९७४ सालीं परभणीच्या कृषि विद्यापीठांतील नोकऱ्यांत स्थानिकांस डावललें जातें अशी तक्रार घेऊन विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वसमत येथें गोळीबार होऊन तरुणांचे प्राण गेले. मुक्तिसंग्रामांतील वयोवृद्ध कार्यकर्ते गोविंदभाई श्रॉफ यांनीं या चळवळीस वडीलकीचा हात दिला, आणि नोकऱ्यांच्या मागणीस पाटबंधारे, शिक्षण व रेल्वेचें रुंदीकरण यांची जोड मिळाली.

तथापि हा विभाग मागें आहे तो नेमका किती मागें, याचा सर्वमान्य आकडा नव्हता. तें काम १९८३ सालीं नेमलेल्या सत्यशोधन समितीकडे आलें. अध्यक्ष प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, वय ६३. रीत साधी होती. रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, सामान्य व तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यक अशीं ९ क्षेत्रें घेऊन प्रत्येकांत राज्याची सरासरी काढावयाची. जो जिल्हा सरासरीखालीं, त्याची तूट भरून काढण्याचा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालांत राज्याचा अनुशेष सुमारें ३,१८७ कोटि रुपये निघाला व त्यांत मराठवाड्याचा सुमारें ७५१ कोटि, म्हणजे शेंकडा साडेतेवीस. सभेंतील गाऱ्हाण्यास आकड्याचें वजन आलें. गंमत अशी कीं, पुढारलेल्या समजल्या जाणाऱ्या उर्वरित महाराष्ट्राच्या वांट्यास शेंकडा सदतीस अनुशेष आला. सरासरीखालचे जिल्हे तेथेंहि होते!

परंतु त्या ९ रकान्यांत रोजगाराचा रकाना नव्हता. ज्या मागणीसाठीं मुलें रस्त्यावर आलीं, तीच गणितांतून गळली. रेल्वे मध्यवर्ती सरकारची, म्हणून तीहि बाहेर राहिली. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें नव्हे. मोजण्यास सोपें तें मोजलें गेलें. पण रकाने आंखतांना त्या मुलांस कोणी विचारलें असतें, तर पहिला रकाना कोणता झाला असता हें सांगावयास नको.

पुढें १९९४ सालीं राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमान्वयें विकास मंडळें स्थापन झालीं. त्याच वर्षीं नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालें. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. मोजणीचीं साधनें मात्र तोंवर पार पालटलीं होतीं. लातूरच्या शिकवणीवर्गांत बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची माहिती त्याच्या खिशांतील यंत्रांतून क्षणोक्षणीं नोंदली जाते. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा त्याला अज्ञान समजून संमति मागतो ती त्याच्या आईबापांची.