मेंदूतील पेप्टाइडे आणि अपस्मार : एका संशोधनपरंपरेचा मागोवा

मेंदूतील पेशी परस्परांशी केवळ विद्युत्-प्रेरणांनी व्यवहार करतात की त्यासाठी रसायनांचे माध्यम लागते, हा प्रश्न १९३०च्या सुमारास शरीरक्रियाविज्ञानात वादाचा होता. रासायनिक पक्षाला प्रारंभी बळ देणाऱ्यांत डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांची गणना केली पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक म्हणून ते पुढे परिचित झाले. परंतु १९३३-३४ मध्येच त्यांनी ॲसिटिलकोलीनचे मेंदूतील अस्तित्व व कार्य यांविषयी निबंध प्रसिद्ध केले होते. मांजराच्या मेंदूतील पोकळीत हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सोडले असता झोपेसारखी अवस्था येते, असे त्यांना आढळले.

त्याच सुमारास, १९३१ मध्ये, फॉन ऑयलर व गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात एक निराळे द्रव्य सापडले. त्यास 'पी द्रव्य' हे नाव मिळाले. ते अकरा अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून छत्तीस अमिनो आम्लांचे 'न्यूरोपेप्टाइड वाय' वेगळे करण्यात आले.

अपस्माराशी या द्रव्यांचा संबंध स्पष्ट होण्यास जनुकांचा अभ्यास कारणीभूत झाला. औषधाने आकडी आणलेल्या उंदरांच्या मज्जापेशींत 'सी-फॉस' हे जनुक त्वरित कार्यान्वित होते, असे १९८७ मध्ये दिसून आले. म्हणजे आकडी ओसरली तरी तिचा परिणाम पेशीकेंद्रात चालूच राहतो. या परिणामांतच पेप्टाइडांच्या निर्मितीतील बदलही येतात. आकडीनंतर हिप्पोकॅम्पस या भागात न्यूरोपेप्टाइड वाय वाढते.

ही वाढ अपायकारक की संरक्षक? ज्या उंदरांत या पेप्टाइडाचे जनुक नष्ट केले होते त्यांना आपोआप झटके येऊ लागले, असे १९९६ मध्ये आढळले. पुढील वर्षीच्या प्रयोगात काइनिक आम्ल दिल्यावर असे बहुतेक उंदीर दगावले. मात्र मेंदूच्या पोकळीत तेच पेप्टाइड सोडल्यास मृत्यू टळला. याउलट, पी द्रव्याच्या जनुकाविना वाढलेले उंदीर अशा झटक्यांना अधिक प्रतिकार करतात, असे १९९९ मध्ये दिसले. तात्पर्य, एक पेप्टाइड आकडीस आवर घालते, तर दुसरे तिला चेतवते.

हे निष्कर्ष प्राण्यांवरील आहेत, आणि त्यांवर आधारलेला उपचार रुग्णांच्या नित्य चिकित्सेत अद्याप आलेला नाही. तथापि आकडी ही निव्वळ विद्युत्-घटना मानणे आता शक्य नाही. दीक्षितांच्या पिढीने मांडलेल्या रासायनिक विचाराची व्याप्ती जनुकांपर्यंत पोहोचली, हेच या इतिहासाचे सार होय.