चार्ज कोणी घेतला?

आमच्या शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सतरा माणसं आहेत. त्यांतली सोळा क्रिकेटवाली आणि सतरावा मी. क्रिकेटचा संघ हरला की शाखेत सुतक असतं. फुटबॉलचा हरला की चहाला रंग चढतो. "काय फुटबॉलवाले, काल कोणी धुतलं?" असं आमचे हेडकॅशियर कॅशच्या पिंजऱ्यातूनच ओरडून विचारतात, आणि तेही खिडकीबाहेर पेन्शनरांची रांग उभी असताना. देशाच्या अब्रूचा प्रश्न असा चव्हाट्यावर आणू नये, हे त्यांना कोण सांगणार?

हे दुखणं मला आजोबांकडून वारसाहक्काने मिळालं. त्यांच्यामागे दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे भावाभावांत तंटाही झाला नाही. आजोबा गोदीत टॅली क्लार्क होते आणि सवड मिळाली की कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघायला जात. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं हा कप हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईत येऊन उचलून नेला. 'पोलिसांनी पाच वर्षं हजारो साक्षीदारांदेखत माल नेला आणि एकानेही तक्रार नोंदवली नाही,' हा आजोबांचा ठेवणीतला विनोद. तो आम्ही दर दिवाळीला ऐकत असू आणि दर दिवाळीला हसत असू, कारण फराळाचं ताट त्यांच्या शेजारी असे.

या पोलिसांना शिकवणारा माणूस मात्र पोलीस नव्हता. शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम. आजोबा नुसतं 'रहीमसाहेब' म्हणत, आणि म्हणताना बसल्या जागी जरा ताठ होत.

आता थोडं बँकेचं सांगतो. आमच्याकडे बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. किल्ल्या, रोकड, चेकबुकांचा साठा, कोणतं कर्ज थकलंय, कोणता खातेदार दर खेपेला वेगळी सही करतो आणि वर आपल्याशीच भांडतो, हे सगळं जाणारा लिहून देतो आणि येणारा त्याखाली सही ठोकतो. त्यामुळे साहेब दर तीन वर्षांनी बदलले तरी शाखा चालू राहते. (कधी कधी साहेबांमुळे नव्हे, तर साहेब असूनही चालू राहते, पण ते असो.) तर भारतीय फुटबॉलच्या दुखण्याबद्दल माझं बी. कॉम. बुद्धीचं निदान असं आहे, की रहीमसाहेबांचा चार्ज रीतसर कोणी घेतलाच नाही.

या चार्जमध्ये होतं तरी काय, ते बघा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सकडून १-२ असे हरलो. आपले बरेच गडी अनवाणी खेळले आणि दोन पेनल्ट्या वाया गेल्या. तरी कौतुक झालं. १९५१ साली दिल्लीच्या एशियाडमध्ये रहीमसाहेबांच्या हाताखाली इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळालं. लगेच पुढच्या वर्षी हेलसिंकी. तिथल्या थंडीत पुन्हा काही जण अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने १-१० असा निकाल हातात ठेवला. दहा गोल! आमच्याकडे रोकड दहा रुपयांनी कमी भरली तर मेमो मिळतो.

आजच्या हिशेबाने त्या प्रशिक्षकाला विमानतळावरूनच परस्पर घरी पाठवला असता. पण चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकला संघ निघाला तेव्हा सोबत पुन्हा रहीमसाहेबच होते. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. दहा गोल कसे बसतात हे ज्याने बाकावर बसून मोजलंय, त्याच माणसाला ते पुन्हा कसे बसणार नाहीत हे शोधायला लावलं. दरम्यान बूट सक्तीचे झाले होते. रहीमसाहेबांनी तर हैदराबादेत नुसत्या कच्च्या पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या होत्या. म्हणजे उजव्याने खेळणाऱ्याने डाव्यानेच मारायचं. मास्तरकी ती हीच. मुलगा ज्या विषयात नापास, त्याचाच गृहपाठ जास्त.

मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. हा मूळ गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा गडी. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. मग त्यांनी चार मारले, तो भाग सोडा. दहावरून चारवर आणणं ही आमच्या भाषेत चांगली वसुली आहे. संघाचा नंबर चौथा आला. हे सांगितलं की हेडकॅशियर म्हणतात, "फेकू नका." मी शपथेवर सांगतो, जगात चौथा.

आणि मग १९६२ चं जकार्ता. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, आणि तो ०-२ असा गेला. मग थायलंड ४-१, जपान २-०, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनाम ३-२. बचावातला खंदा गडी जर्नेलसिंग डोकं फुटून टाके घालून बसलेला. रहीमसाहेबांनी काय करावं? त्याला चक्क पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून उभा केला. कॅशियरचा हात मोडला म्हणून त्याला मॅनेजरच्या खुर्चीत बसवावं, तसं! (आमच्याकडे हा प्रयोग हात न मोडताही झालेला आहे.)

त्यात इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नाही, यावरून आपले प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतलेला. त्यामुळे सगळं जकार्ता आपल्यावर खवळलं होतं. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया, आणि भरगच्च स्टेडियम आपल्या नावाने बोंब मारतंय. अशा वेळी आपल्यासाठी ओरडत होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू, अशी आठवण त्या संघातली मंडळी सांगत आली आहेत. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांकडे एक भेट मागितली होती असं पी. के. बॅनर्जी सांगत. भेट म्हणजे सुवर्णपदक. पहिल्या वीस मिनिटांत बॅनर्जींनी एक आणि टाकेवाल्या जर्नेलसिंगने एक गोल मारला. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला. २-१. भेट पोचती झाली. पुढच्या वर्षी ११ जूनला रहीमसाहेब गेले.

आजोबा इथवर आले की गप्प बसत. सुपारी कातरायला घेत. पुढचा इतिहास मला स्वतःच वाचावा लागला.

पुढे सगळंच बुडालं असं नव्हे. १९६४ साली हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली आपण आशिया कपात दुसरे आलो. संघ चारच होते, हे मी शाखेत सांगत नाही. १९७० ला बँकॉकमध्ये ब्राँझ मिळालं, तेव्हा प्रशिक्षकांत रहीमसाहेबांचे शिष्य बॅनर्जीच होते. एशियाडमधलं ते आपलं शेवटचं फुटबॉल पदक. गंमत म्हणजे जग ९० मिनिटं खेळत असताना आपल्या देशातले सामने बराच काळ ७० मिनिटांचे असायचे. उरलेल्या वीस मिनिटांत आपले गडी घड्याळाकडे बघत. शनिवारी दुपारी आम्ही बघतो तसंच, फक्त तेवढ्या वेळात आमच्यावर कोणी गोल मारत नाही.

त्यानंतर परदेशी साहेबांची रांग लागली. युगोस्लाव्ह, हंगेरियन, झेक, उझबेक, इंग्रज, डच, क्रोएशियन, स्पॅनिश. यातली बहुतेक माणसं भली होती. उझबेक अक्रमोव्ह यांनी बायचुंग भुतियाला संघात आणलं आणि १९९६ च्या फेब्रुवारीत आपण फिफाच्या यादीत ९४ वे होतो. इंग्रज कॉन्स्टंटाइन दोनदा येऊन गेले. २०१९ च्या आशिया कपात त्यांच्या संघाने थायलंडला ४-१ हरवलं, अगदी जकार्तातला आकडा. आठवड्याभरातच बहारीनविरुद्ध अखेरच्या क्षणी पेनल्टी बसली, आपण बाहेर, आणि साहेबांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. चार्ज? कसला चार्ज! नवा साहेब येतो, जुन्याचं रजिस्टर न उघडता नवं रजिस्टर घालतो आणि पराभवाची कारणं सस्पेन्स अकाउंटला टाकतो.

इगोर स्टिमाच हे १९९८ साली वर्ल्डकपात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे खेळाडू. त्यांच्या कारकिर्दीत, २०२२ साली, फेडरेशनने संघाला स्फूर्ती देण्यासाठी ज्योतिषाचं साहाय्य घेतल्याची आणि त्यावर १६ लाख खर्ची पडल्याची बातमी आली. व्हाउचर कोणत्या शीर्षाखाली पडलं असेल, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती. २०२४ च्या जानेवारीत कतारला आशिया कपात तीन सामने झाले आणि आपला गोल एकही नाही. जूनमध्ये स्टिमाचना काढलं आणि भरपाईपोटी चार लाख डॉलरवर तडजोड झाली. मग मानोलो मार्केझ आले, तेही गोव्याच्या क्लबाचं काम सांभाळून. आमच्याकडे याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. त्यात दोन्ही टेबलांवर धूळ साचते, हे कोणताही शिपाई सांगेल. आठ सामने, विजय एक.

"मग देशी माणूस आणा की!" हेडकॅशियर म्हणाले. आणला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळलेले आणि २०१७ साली ऐझॉलसारख्या लहान क्लबाला आय-लीग जिंकून देणारे. तेरा वर्षांनी पूर्ण वेळचा भारतीय प्रशिक्षक. पण जुलैपासून देशातली मुख्य लीगच बेमुदत लांबणीवर पडलेली. म्हणजे शाखेला कुलूप आणि नव्या मॅनेजरने ठेवी वाढवून दाखवायच्या! तरी त्यांनी मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्ट्यांवर हरवून तिसरा नंबर आणला. मी शाखेत पेढे वाटले. सोळाही जणांनी खाल्ले आणि कशाबद्दल ते कोणी विचारलं नाही.

९ ऑक्टोबरला सिंगापूरला सामना होता. आपण एका गोलाने मागे, दहाच गडी उरलेले, आणि ९० व्या मिनिटाला कॉमेंट्रीवाला ओरडला, "रहीम!" पोराचं नाव रहीम अली. बरोबरीचा गोल मारला त्याने. मी खुर्चीतून असा उठलो की स्वयंपाकघरातून सौ. धावत आल्या. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं. मी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघत नुसतं "रहीम" म्हटलं. त्यांनी दार उघडून जिन्यात पाहिलंसुद्धा.

पाचच दिवसांनी मडगावला, आपल्याच अंगणात, आधी गोल करूनही सिंगापूरकडून १-२ हरलो. २०२७ च्या आशिया कपाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडूनही ०-१.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिराच शाखेत गेलो. हेडकॅशियर पिंजऱ्यात वाटच बघत होते.

"काय फुटबॉलवाले, आता कोणाला काढायचं?"

"कोणालाही नाही," मी म्हटलं. "दहा गोल बसेपर्यंत तरी नाही."

रांगेतल्या एका म्हाताऱ्या पेन्शनरांनी पासबुक खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हेलसिंकी ना?" ते म्हणाले.