खरोलिका आणि कागदावरचा कॅमेरा

आमच्या इंदरगंजात प्राध्यापकमंडळींत डॉक्युमेंट कॅमेऱ्याची गोष्ट निघाली, की मला कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आठवतात. १८९२ साली त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखविली. काचांवर हाताने चित्रे रंगवावयाची आणि दिव्याचा झोत त्यांतून पडद्यावर पाडावयाचा. शंबरासुराच्या मायेवरून हे नाव! या मायादीपाचे जनकत्व कित्येक जण किर्शर या जेझुइट पाद्र्यास देतात. आम्हां कॅथॉलिकांस ते रुचावे. परंतु हायगेन्सची १६५९ मधील रेखाटने तसे म्हणू देत नाहीत.

वर्गात मात्र त्याची अडचण मोठी. काच आधी तयार हवी. पुस्तकाचे पान वा झाडाचे पान जसेच्या तसे दाखविता येत नसे. अठराव्या शतकात गणिती ऑयलर याने वस्तूवरच प्रकाश टाकून तिचे प्रतिबिंब पडद्यावर नेण्याची युक्ती काढली. पण परावर्तित प्रकाश क्षीण. खोली अंधारी करावी लागे. अंधारात विद्यार्थ्याने टिपणे कशी घ्यावीत?

डॉक्युमेंट कॅमेऱ्याने हा पेच सोडविला. वरून रोखलेला कॅमेरा कागदाचे चित्र विद्युत्संकेतांत पालटतो. प्रक्षेपक ते स्वतःच्या प्रखर दिव्याने दाखवितो. वर्गात उजेड राहतो, आणि गणित सोडविताना खोडलेली पायरीही मागच्या बाकावरील मुलास दिसते.