सेंट्रल पार्कमधील इमारतींची देखभाल : पर्यवेक्षणाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

उद्यानांच्या इतिहासात आराखडा करणाऱ्याचे नाव राहते. तेथील छपरे, पायऱ्या व नळ वर्षानुवर्षे दुरुस्त ठेवणारा गवंडी आणि त्याच्यावर देखरेख करणारा मुकादम यांची दखल क्वचितच घेतली जाते. न्यूयॉर्कचे ८४३ एकरांचे सेंट्रल पार्क याला अपवाद नाही. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्या १८५८ च्या ग्रीन्सवर्ड आराखड्यामुळे ते विख्यात झाले. परंतु ओल्मस्टेड तेथे प्रथम आले ते सप्टेंबर १८५७ मध्ये, मजुरांवरील अधीक्षक म्हणून. प्रस्तुत लेखात या उद्यानातील वास्तूंकडे त्याच पर्यवेक्षणाच्या बाजूने पाहिले आहे.

ओल्मस्टेड यांना लाभलेले मजूर बहुतांशी राजकीय शिफारशीने भरती झालेले होते. त्यातच १८५७ च्या मंदीने काम मागणाऱ्यांची गर्दी वाढविली. काम करून घ्यावयाचे की रोजगार वाटावयाचा, हा पेच उद्यानाच्या जन्मापासूनच आहे. पुढे अँड्र्यू ग्रीन यांनी प्रत्येक खर्चावर जी करडी नजर ठेवली, तिला कंटाळून ओल्मस्टेड यांनी वारंवार राजीनामे दिले.

हा पेच सर्वांत तीव्रतेने दिसतो तो १९३४ मध्ये. त्या वर्षी रॉबर्ट मोझेस आयुक्त झाले आणि पाचही उपनगरांची स्वतंत्र उद्यानखाती त्यांच्या हाताखाली एकत्र आली. बेकारी-निवारणाच्या योजनेतून हजारो माणसे उद्यानांत आधीच आली होती. पण त्यांना हत्यारे नव्हती, नकाशे नव्हते आणि काम सांगणारा कोणी नव्हता. मोझेस यांनी निवारण-योजनेच्या मर्यादेहून अधिक पगाराची परवानगी मिळवून शेकडो वास्तुविशारद व अभियंते घेतले आणि बांधकाम-व्यवसायातून कडक शिस्तीचे देखरेखदार आणले. सेंट्रल पार्कमधील जुन्या प्राणिसंग्रहालयाच्या लाकडी इमारती इतक्या कुजल्या होत्या, की आग लागून सिंह बाहेर पडल्यास त्यांना गोळी घालता यावी म्हणून रखवालदारांजवळ बंदुका दिल्या होत्या, असे मोझेस यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांनी ‘द पॉवर ब्रोकर’ (१९७४) या ग्रंथात नोंदविले आहे. त्या जागी विटांच्या नव्या इमारती उभ्या राहून डिसेंबर १९३४ मध्ये संग्रहालय खुले झाले. त्याच वर्षी जुन्या मेंढवाड्याचे ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ या उपाहारगृहात रूपांतर झाले. कडाक्याच्या थंडीत ही कामे ज्यांनी केली, त्यांत आयुष्यात कधी फावडे न धरलेलेही अनेक होते. या वेगाचे कौतुक करताना त्यांच्यावर झालेली सक्ती विसरणे न्याय्य ठरणार नाही.

मात्र मोझेस यांची पद्धत उभारणीची होती, निगा राखण्याची नव्हती. निवारण-योजनांचे मनुष्यबळ ओसरल्यावर वाढलेल्या इमारतींच्या मानाने कायम कर्मचारी अपुरे पडू लागले. मुलांना ताजे दूध मिळावे म्हणून वॉक्स यांनी रचलेली ‘डेअरी’ काळाच्या ओघात देखभाल-विभागाचीच सामानाची कोठी झाली आणि १९५० च्या दशकात तिचा लाकडी मंडप पाडला गेला. ज्या खात्याने इमारत जपावयाची, त्याच्याच सामानाखाली ती दडली! १९१९ पासून हवामान-खात्याच्या वापरात असलेला बेल्व्हेडिअर किल्ला १९६० च्या दशकात, उपकरणे स्वयंचलित होऊन माणसे निघून गेल्यावर, बंद पडून मोडतोडीला बळी पडला. १९७५ च्या नगर-अर्थसंकटाने उरलीसुरली व्यवस्थाही खिळखिळी केली.

१९७९ मध्ये डेअरी पुन्हा खुली झाली. १९८० मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली आणि १९८३ मध्ये बेल्व्हेडिअर लोकांसाठी उघडला. पर्यवेक्षणाच्या दृष्टीने खरा बदल १९९६ चा. तोवर कामगारांची पथके उद्यानभर फिरत. अमुक जागा कोणाची, याचे उत्तर मिळत नसे. त्या वर्षी उद्यानाचे ४९ विभाग करून प्रत्येकाची जबाबदारी एकेका माळ्यावर सोपविण्यात आली. दगडकाम, सुतारकाम यांसारख्या कामांसाठी वेगळी कुशल पथके राहिली. म्हणजे बिघाड प्रथम पाहणारा एक आणि तो दुरुस्त करणारा दुसरा. देणग्यांवर चालणारी ही व्यवस्था कमी संपन्न वस्तीतील उद्यानांना कितपत परवडेल, हा आक्षेपही रास्तच आहे.

बेथेस्डा टेरेसच्या छताचे उदाहरण येथे बोलके आहे. मिंटन कारखान्याच्या पंधरा हजारांहून अधिक फरशा तेथे छताला धातूच्या पत्र्यांवर जडविल्या होत्या. वरील रस्त्यावरून झिरपणारे पाणी व क्षार यांनी ते पत्रे खाल्ले आणि १९८० च्या दशकात सर्व फरशा उतरवून ठेवाव्या लागल्या. वर रस्ता झाडणाऱ्याला खालचे छत दिसत नाही आणि खाली उभा असलेल्याच्या हाती वरील भेग बुजविण्याचे काम नसते. सुमारे दोन दशके फरशा कोठारात पडून राहिल्या. छत पूर्ववत झाले ते २००७ मध्ये.